चाकांवरचा किल्ला

१ मे २०१९. महाराष्ट्राच्या स्थापनेला त्या दिवशी एकोणसाठ वर्षे पूर्ण झाली. त्याच दिवशी गडचिरोली जिल्ह्याच्या कुरखेडा तालुक्यात दादापूर येथे रस्त्याच्या कामावरची दोन डझनांहून अधिक वाहने माओवाद्यांनी जाळली, आणि त्या दिशेने निघालेले पोलिसांचे शीघ्र कृती पथक जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगाच्या स्फोटात सापडले. पंधरा जवान आणि गाडीचा चालक असे सोळा जण मृत्युमुखी पडले. गाडी खासगी होती. साधी, बिनचिलखती.

त्यानंतरच्या दिवसांत एकच प्रश्न सगळीकडे विचारला गेला: जवानांना चिलखती गाडी का दिली नव्हती? प्रश्न स्वाभाविक होता आणि त्यामागची कळकळ खरी होती. परंतु हा प्रश्न चुकीच्या जागी बोट ठेवतो, असे मला तेव्हाही वाटले आणि आजही वाटते. जंगलात पायदळाची ने-आण करण्यासाठी हलकी, बिनचिलखती गाडी हे पुष्कळदा अधिक शहाणपणाचे साधन असते, ही बाजू मला येथे मांडायची आहे. सोळा मृत्यूंच्या आठवणीसमोर ही बाजू मांडणे अवघड आहे, हे मी जाणतो. म्हणूनच ती सावकाशीने मांडावी लागेल.

साहित्य शिकणाऱ्या-शिकवणाऱ्यांपुढे गाड्यांचा विषय कशासाठी, असे कोणी विचारील. माझे उत्तर असे की हा वाद निम्मा यंत्रांचा आणि निम्मा शब्दांचा आहे. जांभुळखेड्याच्या आधी काही वर्षे मी अहेरीकडे मराठी शिकवीत होतो. प्राणहितेच्या काठचे ते गाव, जवळचे आलापल्लीचे सागवान, आणि तिथून भामरागड, एटापल्ली, सिरोंचा या तीन दिशांना फुटणारे रस्ते. वर्गात आम्ही शब्दांच्या छटा शिकवीत असू आणि खिडकीबाहेरच्या रस्त्यावर त्याच शब्दांचे जीवघेणे अर्थ वावरत असत. त्यांपैकी दोन शब्द या लेखाला पुरेसे आहेत: ‘हलका’ आणि ‘सुरुंग’.

मराठीत ‘हलका’ म्हणजे वजनाने कमी, आणि ‘हलका’ म्हणजे कमी प्रतीचाही. हलके काम, हलके कापड, हलक्या कानाचा माणूस. ‘भारी’चे नेमके उलट: जड ते उत्तम. वस्तूचे वजन हाच तिचा दर्जा, हा समज आपल्या भाषेच्या हाडीमाशी खिळला आहे. त्यामुळे ‘हलकी गाडी’ म्हटले की शासनाने जवानांच्या जिवावर काटकसर केली, असाच अर्थ प्रथम मनात येतो. काही वेळा तो खराही असतो. त्याकडे मी पुढे येईन. पण हलकेपणा हा एक गुण असू शकतो, हे ऐकून घ्यायलाच भाषा आपल्याला अडवते.

दुसरा शब्द सुरुंग. आज तो ‘भूसुरुंग’ या रूपात वर्तमानपत्रांतून भेटतो, परंतु मराठी माणसाची या शब्दाशी ओळख किल्ल्यांपासूनची आहे. १६६० साली शायिस्तेखानाने चाकणच्या संग्रामदुर्गाला वेढा घातला. फिरंगोजी नरसाळ्याने तो लहानसा भुईकोट जवळजवळ दोन महिने झुंजवला. अखेर खानाच्या लोकांनी भुयार खणून बुरुजाखाली दारू ठासली आणि बुरूज उडवला, तेव्हा किल्ला पडला. सुरुंग हे मुळात भिंतीविरुद्धचे हत्यार आहे. जे एका जागी उभे आहे, ज्याची जागा ठाऊक आहे, ज्याच्या पायाशी गुपचूप खणायला सवड मिळते, त्याच्यावर सुरुंग चालतो. तटाची जाडी वाढवून सुरुंगाला उत्तर मिळत नाही. खणणाऱ्याला फक्त आणखी दारू आणावी लागते.

चिलखती गाडी म्हणजे चाकांवरचा किल्ला. आणि किल्ला आला की सुरुंग आला.

हे केवळ रूपक नाही. याला आकड्यांचा आधार आहे. भूसुरुंगविरोधी वाहनांचा जो नमुना दक्षिण आफ्रिकेत घडला, त्या ‘कॅस्पिर’चा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो, म्हणजे खालून आलेला स्फोटाचा झोत दोन्ही बाजूंना फाकतो. सपाट तळाची गाडी तोच झोत पोटावर झेलते. कल्पना उत्तम आहे आणि तिने असंख्य जीव वाचवले आहेत. परंतु या गाडीची सहनशक्ती मोजलेली आहे: चाकाखाली सुमारे २१ किलो आणि पोटाखाली सुमारे १४ किलो टीएनटी. गाडीचे वजन दहा टनांहून अधिक. आता दुसऱ्या बाजूने पाहा. ज्याला स्फोटके पुरायची आहेत त्याला १४ किलोंच्या जागी ५० किलो पुरायला दोन रात्री जास्त लागतील, इतकेच. चिलखतात एक इंच वाढवायला कारखाना लागतो, निविदा लागते, अर्थसंकल्प लागतो. खड्ड्यात एक पिशवी वाढवायला एक माणूस पुरतो. या स्पर्धेत किल्ला जिंकत नाही.

आपल्याकडे मेदक येथील आयुध निर्माणीत अशी वाहने तयार झाली आणि माओवादग्रस्त राज्यांत धाडली गेली. ३ सप्टेंबर २००५ रोजी बिजापूरजवळ पडेडा येथे असेच एक वाहन उडवले गेले. २४ जवान मृत्युमुखी पडले. १३ मार्च २०१८ रोजी सुकमा जिल्ह्यात किस्टारामजवळ पुन्हा तेच, नऊ जवान. या दोन घटनांच्या मधल्या वर्षांत सुरक्षा दलांतच या वाहनांना ‘चाकांवरच्या शवपेट्या’ म्हटले जाऊ लागले. आणि गंमत, खरे तर विषाद, असा की इराक-अफगाणिस्तानात ब्रिटिश सैनिकांनी अशाच अर्थाचे नाव ‘स्नॅच लँड रोव्हर’ या हलक्या, नावापुरत्या संरक्षणाच्या गाडीला दिले होते. एकीकडे जाड चिलखताची गाडी, दुसरीकडे पातळ, नावाचा अर्थ एकच. तेव्हा शवपेटी गाडीत नसावी. ती असते त्या रस्त्यात, जिथून गाडी येणार हे पुरणाऱ्याला आधीपासून ठाऊक आहे.

गडचिरोलीचा हिशेबही हेच सांगतो. २७ मार्च २०१२ रोजी धानोरा तालुक्यात पुस्टोल्याजवळ केंद्रीय राखीव पोलीस दलाची बस उडाली. बारा जवान गेले. ११ मे २०१४ रोजी चामोर्शी तालुक्यात पावीमुरांडाजवळ सी-६० पथकाचे सात जवान गाडीसह गेले. वाहने वेगवेगळी, दले वेगवेगळी. सामायिक काय, तर ठरलेला रस्ता आणि एका गाडीत एकत्र बसलेली माणसे.

याउलट त्याच जिल्ह्यात १९९० साली उभे राहिलेले सी-६० पथक पाहा. साठ स्थानिक तरुण, गोंडी-माडिया जाणणारे, पाठीवर शिधा बांधून रात्री पायी जंगलात शिरणारे. त्यांचे यश आणि त्यांच्यावरचे आक्षेप हा स्वतंत्र विषय आहे. पण त्यांच्या बळाचे मूळ कुठल्याच गाडीत नव्हते, हे निर्विवाद. त्यांचे चिलखत म्हणजे ‘आज कुठून येतील ते सांगता येत नाही’ ही स्थिती. मराठ्यांच्या इतिहासाचा वाचक इथे थबकेल. मोगल छावणी चालत असे बाजारासकट, तोफांसकट, जनान्यासकट. आणि मराठ्यांचा घोडेस्वार हिंडे जवळजवळ काहीच न घेता. सतराव्या शतकातल्या त्या हलकेपणाला आपण गनिमी कावा म्हणून मिरवतो. आणि पानिपतावर, १७६१ साली, जड तोफखाना, यात्रेकरू आणि बुणगे घेऊन आपण नेमके त्याच जागी उभे राहिलो जिथे पूर्वी शत्रू उभा असे. आपल्या इतिहासाने हलकेपणाची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली आहे.

मग पायीच चालावे, गाडी कशाला? कारण पायी चालणाऱ्यालाही जिथून चालायचे तिथपर्यंत पोचावे लागते. पन्नास किलोमीटर चालून थकलेला जवान लढू शकत नाही आणि विचारही करू शकत नाही. आणि जंगलात थकव्याने घेतलेले निर्णय निरपराध गावकऱ्यांनाही भोवतात. पायदळाच्या गाडीचे खरे काम एवढेच: माणसांना ताजेतवाने अशा ठिकाणी सोडणे, जिथे शत्रूची वाट पाहण्याची तयारी नाही, आणि मग निघून जाणे. ती लढण्याची गाडी नाही. ती उतरण्याची गाडी आहे. हा भेद एकदा मान्य केला की हलक्या गाडीचे गुण आपोआप दिसू लागतात.

पहिला गुण, रस्त्यापासून मोकळीक. दहा टनांच्या वाहनाला डांबरी रस्ता आणि पक्का पूल सोडून जाणे अवघड जाते. अहेरी-भामरागड पट्ट्यात पक्के पूल किती आणि कच्चे रपटे किती, हे तिथे पावसाळा काढलेल्या कोणालाही विचारावे. पर्लकोटेला पूर आला की भामरागड तालुका जगापासून तुटे. असल्या मुलखात जड गाडी म्हणजे दोन-तीन ठरावीक रस्त्यांशी बांधलेला कैदी. एका टनाची जीप मात्र नाल्याच्या वाळूतून, बैलगाडीच्या चाकोरीतून, वन खात्याच्या कूपरस्त्यावरून जाते. मार्ग जितके अधिक, तितके पुरणाऱ्याचे अंदाज दुबळे.

दुसरा गुण, इंद्रियांचा. चिलखती गाडीतला जवान जाड काचेच्या फटीतून जग पाहतो. त्याला पक्षी उडालेले ऐकू येत नाहीत, ताजी उकरलेली माती दिसत नाही. उघड्या गाडीतला जवान पाहतो, ऐकतो, वास घेतो, आणि क्षणार्धात उडी मारून बाहेर पडतो. मागच्या एकाच दारातून दहा जणांनी उतरायला लागणारा वेळ हाच घात घालणाऱ्याचा वेळ असतो.

तिसरा गुण, विखुरण्याचा. एका जड गाडीच्या खर्चात अनेक हलक्या येतात. दहा जण एका पेटीत बसण्याऐवजी चार-चार जण अंतर राखून तीन गाड्यांत गेले, किंवा दोघे-दोघे मोटारसायकलींवर, तर एका स्फोटाची मजल चौघांपर्यंतच राहते. आणि चौथा गुण अगदी घरगुती: ती आलापल्लीच्या कोणत्याही गॅरेजात दुरुस्त होते. बंद पडलेले चिलखती वाहन ओढायला दुसरे तसलेच वाहन आणावे लागते, आणि तोवर तिथे पहारा देत बसणारी माणसे स्वतःच लक्ष्य होतात.

जगाच्या अनुभवातही हे वळण दिसते. दुसऱ्या महायुद्धाने जीप घडवली. तीच जीप १९४७ पासून मुंबईत जुळवली जाऊ लागली आणि आपल्या खेड्यांत चारचाकीचे सामान्यनाम होऊन बसली. १९४० साली इजिप्तमध्ये उभारलेल्या ब्रिटिशांच्या वाळवंटी टेहळणी तुकडीने साध्या शेवरले ट्रकांची दारे-छपरे काढून टाकली आणि शत्रूच्या पाठीमागे शेकडो मैल मजल मारली. १९८७ साली चाडच्या सैनिकांनी टोयोटाच्या उघड्या पिकअप गाड्यांतून लिबियाच्या रणगाड्यांना धूळ चारली. अमेरिकेने इराकमधल्या स्फोटांना उत्तर म्हणून २००७ पासून प्रचंड संख्येने सुरुंगविरोधी वाहने घेतली. त्यांनी जीव वाचवले, परंतु अफगाणिस्तानच्या डोंगरवाटांवर ती इतकी अवजड ठरली की २००९ साली त्यांची हलकी आवृत्ती काढावी लागली. आणि २०२० साली त्याच अमेरिकी भूदलाने नऊ सैनिक वाहणारी, पूर्ण बिनचिलखती, हेलिकॉप्टरखाली टांगून नेता येईल अशी गाडी निवडली. चाचण्यांत तिच्याही अडचणी दिसल्या: नऊ जण आणि त्यांचे सामान यांची दाटी होते. परंतु ज्यांनी जाड चिलखताचा सर्वांत मोठा प्रयोग केला त्यांनीच हलकेपणाकडे परत वळावे, याला काही अर्थ आहे.

आता जांभुळखेड्याकडे पुन्हा येतो. माझा युक्तिवाद खरा असेल तर ते पथक हलक्या गाडीतच होते. मग काय झाले? माझ्या मते त्या दिवशी गाडी हलकी होती, पण प्रवास जड होता. सोळा माणसे एकाच वाहनात. रस्ता डांबरी. दिशा शत्रूनेच ठरवलेली: आधी जाळपोळ, मग तिकडे येणाऱ्यांची वाट पाहणे. किल्ल्याचे सगळे दोष त्या प्रवासात होते आणि किल्ल्याच्या भिंतीही नव्हत्या. हलकी गाडी तिच्या शिस्तीविना वापरणे म्हणजे गनिमी काव्याची शिबंदी घेऊन मैदानात उभे राहणे. ती शिस्त गाडीसोबत कारखान्यातून येत नाही. रस्ता आधी पायी तपासणे, वेळ आणि वाट बदलणे, विखुरणे, धोक्याच्या पट्ट्याआधी उतरणे, या सवयी म्हणजेच तिचे चिलखत. या सवयी पाळायला वेळ लागतो, आणि वरून ‘ताबडतोब पोचा’ असा दबाव असला की पहिला बळी त्यांचाच जातो.

माझ्या बाजूवरचे आक्षेप मला ठाऊक आहेत, आणि त्यांतला एक मला निरुत्तर करतो.

पहिला असा की लेखकाला हे सांगणे सोपे आहे. गाडीत त्याचा मुलगा बसलेला नाही. खरे आहे. म्हणूनच ‘हलकी’ आणि ‘स्वस्त’ यांची गल्लत होऊ देता कामा नये. ‘स्नॅच’ गाड्यांच्या बाबतीत ब्रिटनमध्ये हेच घडले. योग्य पर्याय देण्यात झालेल्या दिरंगाईवर २०१६ च्या चिलकॉट अहवालाने ठपका ठेवला. हलक्या गाडीची बाजू घेणाऱ्याने पैसा वाचवू नये. तो प्रशिक्षणावर, रस्ता तपासणाऱ्या पथकांवर, जखमींना उचलणाऱ्या हेलिकॉप्टरवर खर्च करावा. आणि जखमींची वाहतूक, वेढलेल्या ठाण्याला रसद, गोळीबारातून माणसे बाहेर काढणे या कामांना चिलखती वाहनच हवे, हेही निःसंकोच मान्य केले पाहिजे. किल्ले निरुपयोगी नव्हते. सगळा मुलूख किल्ल्यातूनच राखता येईल, ही समजूत निरुपयोगी होती.

दुसरा आक्षेप मला निरुत्तर करतो. तो चालकाचा आहे. जांभुळखेड्याच्या सोळांत एक चालक होता. २६ एप्रिल २०२३ रोजी दंतेवाडा जिल्ह्यात अरनपूरजवळ दहा जवान आणि एक चालक. ६ जानेवारी २०२५ रोजी बिजापूर जिल्ह्यात कुटरूच्या रस्त्यावर आठ जवान आणि एक चालक. वृत्तांच्या वाक्यरचनेत हा माणूस नेहमी ‘आणि’ नंतर येतो. खासगी गाडी भाड्याने घेतली की तिच्याबरोबर गणवेश नसलेला, प्रशिक्षण नसलेला, ही लढाई न निवडलेला एक माणूसही युद्धात ओढला जातो. अहेरी-आलापल्लीच्या जीप थांब्यावर उभे असलेले चालक मी पाहिले आहेत: हप्त्यावर घेतलेली गाडी, काचेवर देवाचे नाव, आणि ‘पोलिसांनी बोलावले तर नाही कसे म्हणायचे, आणि गेलो तर दादा लोकांना काय सांगायचे’ हा रोजचा पेच. ‘दादा लोक’ म्हणजे कोण हे तिथे सांगावे लागत नसे. शिवाय जवान खासगी गाड्यांतून हिंडू लागले की प्रत्येक खासगी गाडी संशयास्पद होते, मग तिच्यात वऱ्हाड असो की बाळंतीण. हलक्या गाडीच्या बाजूने मी जे जे म्हटले, त्यातला एकही मुद्दा या माणसाच्या जिवाचा भार उचलत नाही. म्हणून माझी अट अशी: गाडी हलकी असावी, पण ती दलाची असावी, आणि सुकाणूवर दलाचाच माणूस असावा. ही अट पाळता येत नसेल तर चालत जावे.

गेल्या काही वर्षांत त्या मुलखाचे चित्र पालटले. १ जानेवारी २०२५ रोजी गट्टा-गर्देवाडा-वांगेतुरी मार्गावर एसटी सुरू झाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये मल्लोजुला वेणुगोपाल राव ऊर्फ भूपती याने साठ सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. सूरजागडच्या लोहखनिजाचे अवजड ट्रक रस्त्यांवर आले, आणि रस्त्यांच्या दुर्दशेसाठी माणसे आता त्यांना बोल लावतात. पायदळाने कशातून जावे हा प्रश्न तिथे कदाचित लवकरच इतिहासजमा होईल. तसे झाले तर त्याहून आनंदाची गोष्ट नाही.

पण प्रश्न सुटला असे केव्हा म्हणायचे, याचे माप मला त्या एसटीतच दिसते. तिचा पत्रा पातळ, खिडक्यांच्या काचा खडखडणाऱ्या, वेळापत्रक फळ्यावर लिहिलेले. म्हणजे ती केव्हा आणि कोणत्या रस्त्याने येणार, हे सगळ्या गावाला ठाऊक असते. हलक्या गाडीच्या शिस्तीचे सगळे नियम ती रोज मोडते. ज्या रस्त्यावर हे नियम मोडूनही संध्याकाळी सगळे उतारू घरी पोचतात, त्या रस्त्याला किल्ल्याची गरज उरलेली नसते. तोवर मात्र जवानांना आपण जड भिंती देण्याची घाई करू नये, आणि चालकाला ‘आणि’ नंतर ढकलूही नये.